तक्रार एकाची, बिघाड दुसऱ्याचा : गाडीतल्या तुटलेल्या संवादाचा शोध

मित्रहो, माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. गाडीतल्या मॉड्यूलांमधला, म्हणजे तिचा एकेक भाग सांभाळणाऱ्या छोट्या संगणकांमधला, संवाद तुटला की नवे मॉड्यूल बसवण्यावर जो खर्च होतो, त्यातला बराचसा फुकट जातो, कारण स्कॅनरवर (दोष वाचण्याच्या यंत्रावर) उमटलेला कोड ही केवळ एक तक्रार असते आणि आपण ती निकाल समजून वाचतो.

पूर्वी प्रत्येक संकेतासाठी वेगळी तार असे. गाडीत इलेक्ट्रॉनिक्स वाढले तसा तारांचा जुडगा इतका जाड झाला, की बॉश कंपनीने १९८३ मध्ये दुसऱ्या वाटेचा विचार सुरू केला आणि १९८६ मध्ये कॅन (कंट्रोलर एरिया नेटवर्क) ही पद्धत जगापुढे मांडली. तिच्यात इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स, डॅशबोर्डवरचे मीटर अशी सगळी मॉड्यूल एकमेकींना पीळ दिलेल्या दोनच तारांवर बोलतात. कोणी बोलत नसताना दोन्ही तारांवर साधारण २.५ व्होल्ट असतात. कोणी बोलू लागले की ‘हाय’ तार ३.५ पर्यंत चढते आणि ‘लो’ तार १.५ पर्यंत उतरते. ऐकणारा फक्त या दोघींमधला फरक मोजतो. बाहेरचा विद्युत गोंगाट पीळ दिलेल्या तारांवर जवळपास सारखाच आदळतो, त्यामुळे फरक बदलत नाही. म्हणूनच तार जोडताना हातभर पीळ उलगडून ठेवणाऱ्या कारागिराचा मला राग येतो.

आता कोडकडे वळू. संवादाच्या दोषांचे कोड ‘यू’ या अक्षराने सुरू होतात. यू०१०० याचा अर्थ इंजिनच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला, यू०१२१ याचा अर्थ ब्रेकच्या एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या) मॉड्यूलशी संपर्क तुटला. हा कोड ज्या मॉड्यूलमध्ये साठवलेला असतो ते मॉड्यूल बहुधा धडधाकट असते; त्याला अपेक्षित असलेला संदेश वेळेत आला नाही, एवढीच त्याची फिर्याद असते. त्यामुळे एका मॉड्यूलमधला एक कोड पाहून थांबू नये. सगळ्या मॉड्यूलमधले कोड वाचावेत, कोण कोणाविषयी तक्रार करतो हे कागदावर लिहावे, आणि स्कॅनरला उत्तरच न देणारे कोण आहे ते पाहावे. तिघांनी एकाकडे बोट दाखवले आणि तो एक गप्प असेल, तर शोध त्याच्यापासून सुरू होतो. सगळेच गप्प असतील, तर मात्र आधी तारांकडे पाहावे लागते.

तारांची पहिली परीक्षा अगदी स्वस्तातली आहे. बॅटरीची तार काढावी, मॉड्यूल शांत होईपर्यंत थांबावे आणि स्कॅनर लावण्याच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ या पिनांच्या मध्ये रोध मोजावा. मुख्य तारांच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध असतो, म्हणून मल्टिमीटरवर ६० च्या आसपास आकडा यायला हवा. १२० आले तर एक टोक तुटले आहे. ४० आले तर कोणीतरी तिसरा रोध घुसवला आहे, आणि तो बहुधा चुकीच्या प्रकारचे मॉड्यूल बसवल्यामुळे आलेला असतो. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मात्र ६० आले म्हणून निर्धास्त होऊ नये. एखाद्या मॉड्यूलकडे जाणारी फांदी तुटली, तरी मुख्य तारेवर ६० च दिसतात. शिवाय अनेक नव्या गाड्यांत सॉकेट आणि आतल्या तारा यांच्यामध्ये गेटवे, म्हणजे संदेश इकडून तिकडे पोहोचवणारे, मॉड्यूल असते; तिथे हे मोजमाप गेटवेपर्यंतच्याच तारांविषयी बोलते, आणि पुढच्यासाठी वायरिंगचा नकाशा उघडावा लागतो.

माझ्याकडे आलेली एक गाडी सांगतो. स्टार्टर फिरायचा, पण इंजिन कधी सुरू व्हायचे आणि कधी नाही. एबीएस, गिअरबॉक्स आणि मीटर या तिघांमध्येही यू०१०० हा कोड होता, आणि दोष प्रकट असताना इंजिनचे मॉड्यूल स्कॅनरला उत्तर देत नव्हते. ते आधी एकदा बदलूनही झाले होते. ६ आणि १४ च्या मध्ये ६० ओहम होते, म्हणून मी मॉड्यूलचा वीजपुरवठा तपासायला घेतला. कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला, तर १२.४ व्होल्ट! इथेच बहुतेकांची फसगत होते. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे तारेतला एकच धागा शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मी त्याच पिनेवर आणि अर्थवर (विजेच्या परतीच्या तारेवर) २१ वॅटचा ब्रेकलाइटचा बल्ब जोडला. तो लख्ख पेटायला हवा होता. प्रत्यक्षात बल्बच्या आतली तार नुसती लालसर दिसली आणि व्होल्टेज ५ च्या खाली गेले. बल्ब अर्थऐवजी थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडला तरी तसाच मंद, म्हणजे अर्थ निर्दोष. मागे जात रिलेपर्यंत, म्हणजे मॉड्यूलची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचपर्यंत, पोहोचलो, त्याचे झाकण उघडले, तर आतला संपर्कबिंदू जळून काळा आणि खड्डे पडलेला.

येणाऱ्या-जाणाऱ्या दोषांविषयी आणखी एक गोष्ट. पाठवलेला संदेश बिघडला की मॉड्यूल आपल्या खात्यात ८ गुण चढवते, संदेश नीट गेला की १ उतरवते, आणि बेरीज २५५ च्या वर गेली की बाकीच्यांचा खोळंबा होऊ नये म्हणून स्वतःच बोलणे थांबवते. म्हणजे गप्प झालेले मॉड्यूल निर्दोष असून त्याच्याजवळचा ओला, हिरवट गंज चढलेला कनेक्टर दोषी असू शकतो. अशा वेळी ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारे यंत्र) दोन्ही तारांवर लावून ठेवावा आणि हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, वीतभर वीतभर हलवत जावे. पडद्यावरचे चौकोनी आकार ज्या जागी विस्कटतात, तिथले वेष्टण आधी सोडावे.