एका कागदात दोन त्रिकोण

[पडदा: टेबलावर एक कोरा कागद. दोन हात.]

हा साधा ए-फोर कागद, प्रिंटरमध्ये घालतो तो. रुंदी २१० मिलिमीटर, लांबी २९७. त्याची आखूड कड उचलायची, लांब कडेवर आणायची, कडेला कड जुळवायची आणि नखाने घडी दाबायची. कोपऱ्यातून एक तिरकी घडी उमटते. आता तसाच दुसरा कागद घ्या आणि त्याची लांब कड या घडीला लावून बघा.

[जवळून: घडी आणि कड शेजारी शेजारी.]

तंतोतंत. घडी जेवढी लांब, तेवढाच कागद लांब.

२९७ हा आकडा तसा विचित्रच. सरळ ३०० का केला नाही? त्याचं उत्तर या घडीत दडलंय. घडीने कोपऱ्यात एक त्रिकोण तयार झाला. त्याच्या दोन बाजू २१०-२१० आणि त्यांच्यामध्ये कागदाचा काटकोन. दोन बाजू सारख्या, म्हणून समोरचे कोनही सारखे, प्रत्येकी ४५ अंश. खरं तर हा २१०च्या चौरसाचा अर्धा तुकडा आहे आणि आपली घडी म्हणजे त्या चौरसाचा कर्ण.

कर्ण किती, हे पायथागोरसला विचारू. एका बाजूचा वर्ग अधिक दुसऱ्या बाजूचा वर्ग. बाजू सारख्याच असल्याने एकाच वर्गाची दुप्पट. तिचं वर्गमूळ काढलं की बाजू गुणिले √२. म्हणजे २१० गुणिले १.४१४२, उत्तर २९६.९८. कागदवाल्यांनी ते २९७ केलं.

या प्रमाणाचा कागद मधोमध कापला तरी अर्ध्या तुकड्याचा आकार मूळ कागदासारखाच राहतो. लिख्टेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १७८६ साली एका पत्रात हे लिहून ठेवलं होतं. कागदाचं मानक म्हणून ते जर्मनीत लागू व्हायला १९२२ साल उजाडलं.

आपल्याला मात्र कागदापेक्षा त्रिकोणात रस आहे. कोन ठरले की आकार ठरतो, उरतो तो फक्त लहानमोठेपणा. तो कळायला एक बाजू पुरते. बाकीच्या दोन बाजू हरवल्यात असं आपण म्हणतो, पण त्या कुठे जात नाहीत. त्या पहिल्या बाजूला बांधलेल्याच असतात.

४५ अंशांच्या त्रिकोणात ही बांधणी एका ओळीची आहे. बाजूकडून कर्णाकडे जाताना √२ने गुणायचं, कर्णाकडून बाजूकडे येताना √२ने भागायचं. बाजू ७ असेल तर कर्ण ७√२. कर्ण १० असेल तर बाजू १० भागिले √२.

इथे थोडं थांबू. १० भागिले √२ हे उत्तर चुकीचं नाही, तरी ते ५√२ असं लिहायला लावतात. छेदाचं परिमेयीकरण, म्हणजे छेदातलं मूळ घालवणं. शाळेत मला ही निव्वळ शिस्तीची कटकट वाटायची. मग एकदा कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून १० ला १.४१४२ने हाताने भागून पाहिलं, आणि त्याच कागदावर ५ ला १.४१४२ने गुणून पाहिलं. भागाकार पानभर पसरला. गुणाकार एका ओळीत संपला, ७.०७१. यंत्रं नसताना हिशेब करणाऱ्यांची ती सोय होती. आपल्यापर्यंत पोचेस्तोवर तिचा नियम झाला.

[पडदा: मातीची गोल चकती, तळहाताएवढी. तिच्यावर चौरस आणि त्याचे दोन कर्ण.]

ही बॅबिलोनी इष्टिका. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, क्रमांक वायबीसी ७२८९. वय साडेतीन हजार वर्षांहून जास्त. चौरसाच्या बाजूवर ३० लिहिलंय आणि कर्णावर दोन आकडे कोरलेत. ते लोक साठांच्या पटीत मोजायचे, आपण घड्याळात मोजतो तसे. आपल्या पद्धतीत आणलं तर वरचा आकडा १.४१४२१३ आणि खालचा ४२.४२६३९. म्हणजे बाजू ३०, गुणक वर, उत्तर खाली. आपण आत्ता केलं तेच. आणि नेमकेपणा बघा. ३० मीटर बाजूचा चौरस आखला, तर त्यांच्या कर्णात एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढीही चूक निघत नाही.

दुसरी वाट दोरीची. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी आखण्यासाठी रचलेल्या बौधायन शुल्बसूत्रात म्हटलंय की चौरसाच्या कर्णाइतकी दोरी घेतली की दुप्पट जागा होते. दुप्पट करणारी, म्हणून तिचं नाव द्विकरणी. तिप्पट करणारी ती त्रिकरणी. आज आपण √२, √३ यांना करणी म्हणतो तो शब्द हाच. (गणिताच्या तासाला ‘आता करणी शिकू’ म्हटल्यावर मागच्या बाकावर जी खसखस पिकते, तिच्यातल्या लिंबू-मिरचीच्या करणीचा याच्याशी काही संबंध नाही.)

ही द्विकरणी काढायची कृतीही तिथे आहे. बाजू घ्या. तिच्यात तिचा तिसरा भाग मिळवा. त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा. शेवटी त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. कृती आपल्या कागदावर चालवून बघू. बाजू २१०. तिचा तिसरा भाग ७०, झाले २८०. सत्तरचा चौथा भाग साडेसतरा, झाले २९७.५. साडेसतराचा चौतिसावा भाग जेमतेम अर्धा, ०.५१. तो वजा केला.

[पडद्यावर: २९६.९९]

शेजारी तोच कागद ठेवलाय.

[पडदा: नवा कागद, उभा.]

आता दुसरा त्रिकोण. कागदाची डावी कड उजव्या कडेवर आणून उभी घडी घाला आणि उलगडा. मध्यरेषा मिळाली. आता खालचा डावा कोपरा बोटाने दाबून धरा. खालचा उजवा कोपरा उचला आणि त्याचं टोक बरोबर मध्यरेषेवर टेकेल असं आणा. टेकलं तिथे पेन्सिलीने ठिपका द्या. कागद उलगडा. ठिपक्यापासून डाव्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढा, उजव्या कोपऱ्यापर्यंत दुसरी.

खालची कड २१०. डावीकडची रेघ म्हणजे आत्ता उचललेली तीच कड, फक्त तिरकी झालेली. कागद काही ताणला गेला नाही, तेव्हा तीही २१०. उजवीकडची रेघ डावीचं प्रतिबिंब. तिन्ही बाजू सारख्या, म्हणजे समभुज त्रिकोण, तिन्ही कोन ६० अंश. मध्यरेषा त्याला बरोबर मधोमध चिरते.

[जवळून: डावा अर्धा भाग रंगवला जातो.]

चिरल्यावर जो अर्धा त्रिकोण उरतो त्याचे कोन ३०, ६० आणि ९०. कर्ण २१०, पूर्ण कड. खालची बाजू १०५, कडेच्या निम्मी. ‘तीस अंशासमोरची बाजू कर्णाच्या निम्मी असते’ हे वाक्य आपण पाठ करतो. ते यायला पाठांतर लागत नाही, एक घडी लागते. तिसरी बाजू, म्हणजे मध्यरेषेचा तुकडा, पायथागोरसकडून: १०५√३. फूटपट्टी लावा, १८२ला अगदी किंचित कमी भरेल.

कंपासपेटीतल्या दोन गुण्या म्हणजे हेच दोन त्रिकोण. एक चौरसाचा अर्धा, एक समभुजाचा अर्धा.

पहिल्या त्रिकोणात फारसं कुणी चुकत नाही. चुकतात ते इथे. माझ्या वहीत याच जागी लाल शेरे असायचे, आणि चूक दर वेळी तीच. साठ हे तीसच्या दुप्पट, मग साठसमोरची बाजू तीससमोरच्या बाजूच्या दुप्पट! ऐकायला रास्त वाटतं. पण कोन आणि बाजू एका चालीने वाढत नाहीत. कोन दुप्पट झाला तेव्हा बाजू १.७३ पट झाली. कोन तिप्पट होऊन नव्वदवर पोचला, तरी बाजू जेमतेम दुप्पट. दुप्पट होतो तो कर्ण, कारण कर्ण म्हणजे न कापलेली अख्खी कड. √३ हा उंचीचा, चिरेचा. एवढं डोळ्यांपुढे असलं की अदलाबदल होत नाही.

काम करताना मी एकच सवय पाळतो. आधी सगळ्यात आखूड बाजू गाठायची. ती हातात आली की तिची दुप्पट कर्ण आणि तिची √३ पट उरलेली बाजू. कर्ण दिला असेल तर निम्मा करा, आखूड बाजू मिळाली. त्रास देते ती साठसमोरची बाजू. समजा ती १२ आहे. आखूड बाजू १२ भागिले √३, म्हणजे ४√३, साधारण ६.९३. कर्ण त्याच्या दुप्पट, ८√३, साधारण १३.८६. उत्तर आल्यावर एक नजर टाकायची: ६.९३, १२, १३.८६. आखूड, मधली, लांब. क्रम बिघडला असेल तर कुठेतरी गुणायच्या जागी भागलंय.

[पडदा: षटकोनी नट. त्याला पाना लागतो.]

पान्यावर १७ लिहिलंय. हे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट कडांमधलं अंतर. नट फिरतो तेव्हा मात्र कोपरे फिरतात, तेव्हा जागा सोडायची ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या अंतराची. नटाच्या मध्यापासून कडेच्या मध्यावर एक रेघ, कोपऱ्याकडे दुसरी. ३०-६०-९०चा त्रिकोण! कडेकडची रेघ साडेआठ, आणि ती साठसमोरची. आखूड बाजू साडेआठ भागिले √३, म्हणजे ४.९१. कर्ण ९.८१, आणि दोन्हीकडचे मिळून १९.६ मिलिमीटर. सतराच्या भोकात हा नट फिरणार नाही.

आर्किमिडीजही याच षटकोनापासून निघाला होता. वर्तुळाला षटकोनाने घेरायचं, मग बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस, शेवटी शहाण्णव बाजू. अशा रीतीने त्याने पायची किंमत ३ पूर्णांक १०/७१ आणि ३ पूर्णांक १/७ यांच्यामध्ये पकडली. पहिल्याच पायरीला √३ हवा होता. त्याने लिहून टाकलं की तो २६५/१५३पेक्षा मोठा आणि १३५१/७८०पेक्षा लहान आहे. हे अपूर्णांक कुठून आणले, याबद्दल एक अक्षर नाही. लोक अजून तर्क लढवतायत.

आणि आर्यभट. त्याची ‘ज्या’ म्हणजे त्रिज्येइतका कर्ण असलेल्या काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू. आर्यभटीयातल्या सारणीत या ज्या थेट दिलेल्या नाहीत, एकीतून दुसरीत किती वाढ होते ते दिलंय. २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९. या आठ वाढी म्हणजे आठ पायऱ्या, प्रत्येक पायरी पावणेचार अंशांची. तीस अंशांपर्यंत आलो. बेरीज करा: १७१९. त्रिज्या धरली होती ३४३८. बरोबर निम्मी.

[पडदा: वहीचं पान. एक त्रिकोण, कोन ४५, ६० आणि ७५. काटकोन कुठेच नाही.]

परीक्षेत त्रिकोण असा वेष पालटून येतो. यात काटकोन नाही, म्हणून आपलं काहीच चालत नाही असं वाटतं. पंचाहत्तरच्या शिरोबिंदूतून खाली लंब टाका. पंचाहत्तरचे दोन भाग पडतात, ४५ आणि ३०. डावीकडे चौरसाचा अर्धा उभा राहिला, उजवीकडे समभुजाचा अर्धा. लंब दोघांच्या सामाईक भिंतीसारखा. त्याची उंची ६ असेल, तर डावीकडे पाया ६ आणि तिरकी बाजू ६√२. उजवीकडे ही भिंत साठसमोरची आहे, म्हणून पाया ६ भागिले √३, म्हणजे २√३, आणि तिरकी बाजू ४√३. सगळा पाया ६ अधिक २√३, साधारण ९.४६.

[हात उजवीकडचा तुकडा कापून घेतो, पालथा करून डाव्या तुकड्यावर ठेवतो. भिंतीवर भिंत.]

उजवा तुकडा डाव्यावर झाकून ठेवला. खालच्या त्रिकोणाचा एक पातळ काप बाहेर डोकावतोय. कोन ४५, १२० आणि वरचा जेमतेम १५. त्याच्या लांब बाजू आपल्या ओळखीच्या आहेत, ६√२ आणि ४√३. पाया ६ वजा २√३, अडीचच्या जरा वर.

हाच काप कुणी एकटा दिला असता, वरची उंची न सांगता, फक्त ४√३ एवढी एक बाजू देऊन? लंब टाकायला आत जागा नाही. पेन्सिल घ्या, पाया एकशेवीसच्या कोपऱ्यापुढे वाढवा आणि लंब बाहेर टाका.

[पेन्सिल रेघ वाढवते. तिथे आत्ताच झाकलेला त्रिकोण पुन्हा उमटतो.]