आधी पाय, मग चामडं

(पुण्यातील एका ग्रंथालयाच्या सभागृहात संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. तुम्ही सगळे चपला-बूट दाराबाहेर काढून आत आलात. मघाशी मी तिथे उभा राहून ते जोड बघत होतो. जवळजवळ प्रत्येक जोडात एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलाय. कुणाची टाच बाहेरच्या कडेला बसलीय, कुणाच्या अंगठ्याखाली खळगा पडलाय. आपण कसे चालतो हे चप्पल रोज टिपून ठेवत असते. ते वाचायला मी वयाच्या ५८व्या वर्षी शिकलो.

माझी सगळी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये झाली. लोखंड कापायचं, घासायचं, मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजायचा. माझा डावा पाय उजव्यापेक्षा ९ मिलिमीटर लांब आहे. बुटाच्या इंग्रजी मापात एका नंबराचा फरक म्हणजे बार्लीच्या दाण्याएवढा, इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. थोडक्यात, माझे दोन पाय दोन नंबरांचे आहेत. आयुष्यभर मी डाव्या पायाचा नंबर घेतला आणि उजव्या बुटात पुढे कापूस भरला. निवृत्त झाल्यावर मनात आलं, स्वतःच्या पायाचा बूट स्वतःच का करू नये?

सुरुवात चुकीच्या टोकाकडून झाली. मी आधी चामडं आणायला गेलो. सकाळच्या डेक्कन क्वीनने दादर, तिथून धारावी. चामडं चौरस फुटावर विकतात, पण अख्खं कातडं घ्यावं लागतं. त्यातल्या जखमांचे व्रण, कडेचे वेडेवाकडे भाग, सगळं त्या मापात येतं. मी हरखून एक कातडं खांद्यावर टाकून परत आलो आणि पत्रा कापावा तसा, जागा वाया जाऊ नये म्हणून, तुकडे एकमेकांना खेटून आखले.

पत्रा सगळीकडे सारखा असतो. कातडं एका जनावराचं अंग असतं. पाठीच्या कण्यालगत ते घट्ट असतं, पोटाकडे सैल, मानेशी सुरकुतलेलं. जिकडे ते कमी ताणलं जातं ती दिशा बुटात टाचेकडून बोटांकडे यायला हवी. माझ्या पहिल्या जोडातला उजवा बूट पाठीच्या चामड्यातून आला होता आणि डावा पोटाच्या. पंधरा दिवसांत डावा बूट पसरून होडीसारखा झाला.

दुसरा धडा लोखंडानेच दिला. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं ओलं असताना मी त्यावर पोलादी पट्टी ठेवून रात्रभर सोडलं. सकाळी काळा डाग, कशानेही न जाणारा. सालीतलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. आपल्याकडे कापड रंगवणारे हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, वापरून काळा रंग करत आले, तो याच गुणामुळे. कारखान्यात इतकी वर्षं लोखंड हाताळूनही मला हे माहीत नव्हतं. तिसरा धडा पावसाळ्याचा. उरलेलं चामडं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर टाकलं, गणपतीत उघडलं तर हिरवट बुरशी. पुण्याच्या पावसाळ्यात चामडं कापडात गुंडाळून, वारा लागेल असं ठेवायचं. आणि एप्रिलमध्ये ओलं चामडं पंख्याखाली धरायचं नाही, कडक होतं.

तो होडीसारखा बूट घेऊन मी मंडईजवळ बसणाऱ्या एका कारागिरांकडे गेलो. मी त्यांना मामा म्हणतो. वाटलं होतं, ते बूट हातात घेऊन चूक दाखवतील. त्यांनी बुटाकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "साहेब, आधी पाय दाखवा. उभे राहा." मी अनवाणी गोणपाटावर उभा राहिलो. त्यांनी चवडा चिमटीत धरला, घोट्याखालून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुम्ही डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर चालता." ते खरं होतं. इतक्या वर्षांत एकाही दुकानदाराने मला ते सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, मला शिकवा. म्हणाले, बसा बाजूला. मी फीचं विचारलं तर त्यांनी हात जोडले. तेव्हा मी सांगितलं, माझी मुलगी पेटी शिकायला जायची, तिच्या सरांना दर महिन्याला पाकीट जायचं, तुमच्या विद्येला कमी का? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, रविवारी या.

यावर मला जरा थांबायचंय. आपल्या भाषेत पायताणाबद्दलचे शब्द बघा. पायातली वहाण पायातच बरी. जोडे मारणे. जोड्याजवळ उभं न करणे. ज्या वस्तूवाचून आपण घराबाहेर पाऊल टाकत नाही, ती आपण शिवीसारखी वापरली, आणि ती करणाऱ्या माणसाला गावाच्या कडेला ठेवलं. रोहिदासांची पदं गाणाऱ्या समाजानेही हे केलं. आज माझ्यासारखा माणूस हौस म्हणून रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, हातात घेतो तेव्हा लोक कौतुकाने फोटो काढतात. मामांचा फोटो कुणी काढला नाही. त्यांच्या आजोबांनी हेच काम करताना काय सोसलं, हे त्यांनी मला हळूहळू, काम करता करता सांगितलं. ते इथे सांगायची परवानगी मी मागितलेली नाही. एवढंच म्हणतो, हौस म्हणून शिकायचं असेल तर ज्यांच्या हातात ही विद्या आहे त्यांच्याकडे जा, खाली बसा आणि फी द्या.

मामांनी पहिले दोन महिने मला काही शिवू दिलं नाही, फक्त उसवायला दिलं. तुम्हीही घरातली जुनी, खरी कोल्हापुरी घ्या आणि उसवा. वरचा थर आणि तळ चामड्याच्याच बारीक वादीने शिवलेले दिसतील, खिळा सापडणार नाही. चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे अशा आठ जिल्ह्यांसाठी. चपलेचा कान, पट्टा, अंगठा कुठे आणि का जोडलाय, हे उसवताना जितकं कळतं तितकं बघून कळत नाही.

चपलेतून बुटाकडे जाताना अडचण एकच आहे, पण मोठी आहे. चपलेत पाय दिसत असतो. बूट बंद असतो, म्हणजे आतली पोकळी आधी घडवावी लागते. त्यासाठी लाकडाचा किंवा प्लास्टिकचा फर्मा. तो पायाची हुबेहूब प्रतिकृती नसतो. बोटांपुढे १२-१५ मिलिमीटर मोकळी जागा, टाचेशी घट्टपणा, चवड्याशी पाय पसरेल एवढी सवड, हे सगळं त्यात धरलेलं असतं. हौशी माणसाने फर्मा कोरायच्या भानगडीत पडू नये. आपल्या जवळच्या नंबराचा घ्यावा आणि कमी पडेल तिथे चामड्याचे पातळ तुकडे चिकटवून, कानशीने घासून तो आपल्या पायाचा करावा. माझ्या उजव्या आणि डाव्या फर्म्यावर वेगवेगळी ठिगळं आहेत.

मग फर्म्यावर मास्किंग टेप आडवी-उभी चिकटवायची, त्यावर पेन्सिलीने बुटाच्या रेषा काढायच्या, मधोमध चिरून टेपची साल सोलायची आणि कागदावर सपाट करायची. मोसंबीची साल सपाट करताना काय होतं ते आठवा. कुठेतरी फाटते, कुठेतरी चुणी पडते. पत्रा वाकवताना किती सूट सोडायची याचं सूत्र असतं, मी ते झोपेतही सांगेन. चामड्यात ती सूट ताणून मिळते, आणि किती ताणेल ते त्या तुकड्यालाच विचारावं लागतं. म्हणून पहिला जोड जुन्या जीन्सचा करा. घाला, घरात चाला, कुठे चावतो तिथे खूण करा. मी असे चार केले.

शिवण हाताने घालायची तर एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीने भोक पाडायचं आणि दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोर काढायच्या. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्यावा, मेण लावून. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की ती सुटत जाते. इथे एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. चिकटवायचं सोल्युशन लावताना मात्र घाई नको. दोन्ही बाजूंना लावा, १०-१५ मिनिटं वाळू द्या, बोटाला जेमतेम चिकटेल तेव्हाच जोडा.

आता फर्म्यावर ओढण्याचं काम. ओलसर चामडं पक्कडीने आधी पुढून, मग दोन्ही बाजूंनी, शेवटी टाचेकडून ओढायचं आणि तात्पुरते खिळे मारत जायचं. कड आत वळवून इनसोलला, म्हणजे आतल्या तळाला, शिवायची हे अवघड काम आहे. सुरुवातीला कड बाहेर पसरवून वरूनच तळव्याला शिवा, जमेल. मग चार-पाच दिवस बुटाला हात लावायचा नाही. मला हे सगळ्यात जड गेलं.

आर्मेनियातल्या अरेनी नावाच्या गुहेत २००८ साली एक बूट सापडला, सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा. गाईच्या कातड्याचा एकच तुकडा पायाभोवती वळवून वादीने आवळलेला, आत गवत भरलेलं. लांबी साडेचोवीस सेंटिमीटर, उजव्या पायाचा. मी त्याचा फोटो मामांना दाखवला. त्यांनी तो मोठा करून शिवण पाहिली आणि म्हणाले, "ह्याला पाय माहीत होता." गेली तीन वर्षं ते मला साहेब म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले, "बघ रे, टाचेशी कसं वळवलंय."

टेबलावर माझा पहिला, होडी झालेला जोड आहे आणि सातवा, जो मी रोज घालतो. दोन्ही हातात घ्या, आतून बोट फिरवून बघा. मागच्या भिंतीशी पायाचा आकार काढायला कागद अंथरलेत. मोजमाप संध्याकाळी घ्यायचं असतं, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात, आणि आता सात वाजलेत. दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा. पेन्सिल अगदी सरळ उभी धरा, आत तिरकी गेली तर माप कमी येतं. आपला आपण काढू नका, वाकलात की पाय बदलतो. शेजारच्याला काढायला सांगा.