थ्रेड वाढवले तरी लेआउट लवकर का होत नाही?

नमस्कार मंडळी, मागे खुर्च्या आहेत अजून, बसून घ्या. आजचा विषय म्हणजे पायथनमधून चिपचा लेआउट, म्हणजे चिपच्या कुठल्या थरात कुठला आकार येणार याचा नकाशा, जनरेट करताना मल्टिथ्रेडिंग लावून, म्हणजे काम अनेक थ्रेडमध्ये वाटून, वेळ कसा वाचवायचा. पण थ्रेड लावायच्या आधी आपण फाइलमध्ये नक्की काय लिहितोय ते तरी बघा. लेआउट साठवायचा जीडीएस-टू हा फॉरमॅट १९७८ सालचा, आणि अजूनही बरेच जण तोच वापरतात. त्यात एक साधा चौकोन ६४ बाइट खातो, म्हणजे पाच पॉइंट (पहिला पॉइंट शेवटी परत लिहायचा असतो) प्रत्येकी ८ बाइटचे, झाले ४०, बाकी लेयर (थराचा नंबर) आणि रेकॉर्डची डोकी, म्हणजे हेडर. आता १००० बाय १००० व्हायांची (दोन थर जोडणाऱ्या छोट्या भोकांची) जाळी सुटे चौकोन म्हणून टाकली तर ६४ एमबी, आणि तोच चौकोन एकदाच एका सेलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या तुकड्यात, ठेवून वर एक अ‍ॅरे रेफरन्स ("हीच सेल इतक्या ओळी-रांगांत मांडा") दिला तर शे-दोनशे बाइटमध्ये काम फत्ते. हे न करता आठ थ्रेड लावणं म्हणजे गळक्या बादलीवर आणखी सात नळ सोडणं.

बरं, सेल करून झाल्या, तरी काही गोष्टी खरंच जड राहतात, फोटॉनिक, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या, चिपमध्ये प्रत्येक बेंड वेगळा, ग्रेटिंगची (प्रकाश वळवणाऱ्या रेघांच्या जाळीची) प्रत्येक रेघ वेगळी, वर बुलियन ऑपरेशन, म्हणजे आकारांची बेरीज-वजाबाकी. इथे थ्रेड लावावेसे वाटतात, लावा की, पण नेहमीच्या पायथनमध्ये जीआयएल नावाचं कुलूप आहे, एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवतो. ३.१३ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पासून, जीआयएल नसलेला बिल्ड मिळतो, पण तुमच्या लायब्ररीतला सी++ चा भाग त्याला तयार हवा ना! म्हणून मी तरी सरळ वेगळे प्रोसेस करतो, प्रत्येकाचा पायथन आणि जीआयएल स्वतंत्र, अशा एकेका प्रोसेसला वर्कर म्हणू. आणि त्यातही पॉलिगॉन परत पाठवत बसायचं नाही, पिकल करण्यातच (पाठवण्यासाठी डेटाचे बाइट करण्यातच) सगळी कमाई जाते, त्यापेक्षा प्रत्येक वर्करने आपली छोटी जीडीएस फाइल लिहावी आणि फक्त तिचा पाथ परत द्यावा.

खरी गंमत नावांची आहे. दोन वर्करना एकच रिंग, म्हणजे गोल आकाराची सेल, लागते, दोघंही बघतात की अजून बनलेली नाही, दोघंही बनवतात, आणि फाइली मर्ज करताना के-लेआउट (लेआउट बघायचं-जोडायचं सॉफ्टवेअर) एकीला आपलं मुकाट्याने "रिंग$१" करून टाकू शकतो. चूक दिसत नाही, लेआउट बरोबरच असतो, पण फाइल फुगते. त्याहून वाईट म्हणजे काउंटरवरून नावं देणं, सेल_१७ आज एक वर्कर आधी संपला म्हणून वेगळी आणि उद्या वेगळी, मग कालच्या फाइलशी तुलनाच करता येत नाही. नाव पॅरामीटरवरून द्या, त्रिज्या, रुंदी, गॅप यांचा हॅश (त्या आकड्यांवरून निघणारा ठरावीक कोड) काढा, म्हणजे कुणीही बनवली तरी नाव तेच, आणि मर्ज करताना त्या नावाची सेल आधीच असेल तर दुसरी सोडून द्यायची. पॅरामीटर मात्र आधी नॅनोमीटरमध्ये पूर्णांक करून घ्या, नाहीतर १०.० आणि १०.०००००००१ या दोन वेगळ्या रिंगा होतील!

शेवटचं मर्ज आणि फाइल लिहिणं एकाच प्रोसेसमध्ये होतं, तिथे पळवाट नाही. ते एकूण वेळेच्या २० टक्के असेल तर आठ कोर लावूनही साधारण ३.३ पटच फायदा, आणि कितीही कोर आणले तरी ५ पटीच्या पुढे नाही. त्यामुळे आधी प्रोफाइल करा, म्हणजे वेळ कुठे जातो ते मोजा.

डीआरसीसाठी, म्हणजे लेआउट कारखान्याचे नियम पाळतो का हे तपासायला, के-लेआउटमध्ये टाइल (लेआउटचे चौकोनी तुकडे करून तपासणं) आणि थ्रेड दोन्ही आधीच आहेत, ते परत लिहायला जाऊ नका, फक्त टाइलची बॉर्डर नियमातल्या अंतरापेक्षा मोठी ठेवा, नाहीतर टाइलच्या कडेवरच्या चुका दिसणारच नाहीत.

आणि हो, तपासायचं कसं, हे कुणीतरी आत्ता विचारलंत. एकदा एका वर्करवर चालवा, एकदा आठवर, आणि दोन्ही फाइलींचा एक्सऑर, म्हणजे फक्त एकीतच असलेले आकार, काढा, तो पूर्ण रिकामा यायला हवा. बाइट-बाइट तुलना नको, जीडीएसमध्ये तारीख-वेळ पण लिहिलेली असते, ती जुळणार नाही, आणि तुम्ही उगाच बग शोधत बसाल.