मार्सेयचे गास्तों दफेर

२१ एप्रिल १९६७. पॅरिसला खेटून असलेल्या नेयीमधल्या एका बंगल्याची बाग. पांढऱ्या शर्टातले दोन खासदार तलवारी घेऊन समोरासमोर उभे आहेत. सिनेमाचं शूटिंग वाटेल, पण तलवारी खऱ्या आहेत आणि रक्तही खरंच सांडणार आहे.

सभागृहात मध्येमध्ये बोलणाऱ्या रने रिबिएर यांच्यावर गास्तों दफेर खेकसले होते, "गप्प बसा, मूर्ख कुठले!" माफी मागायला त्यांनी साफ नकार दिला, तेव्हा रिबिएर यांनी द्वंद्वाचं आव्हान दिलं. पहिला वार रिबिएर यांच्या हातावर बसला. रिबिएर थांबेनात. दुसरा वारही लागला, तेव्हा पंचाने लढत थांबवली. दुसऱ्या दिवशी रिबिएर यांचं लग्न होतं!

दफेर त्या वेळी छप्पन वर्षांचे होते आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मार्सेय शहराचे महापौर होते. फ्रान्समध्ये महापौर म्हणजे आपल्याकडच्यासारखं मानाचं पद नव्हे. शहराचा कारभार खरोखर तोच हाकतो.

पेशाने वकील असलेले दफेर नाझीविरोधी भूमिगत लढ्यातून पुढे आले. ऑगस्ट १९४४ मध्ये शहर मुक्त होताना त्यांनी नगरपालिका ताब्यात घेतली. त्याच धामधुमीत 'ल प्रोव्हांसाल' हे दैनिकही हाती आलं. पुढे विरोधी विचारांचं 'ल मेरिदियोनाल'सुद्धा त्यांच्याच समूहाकडे गेलं. म्हणजे सकाळी दफेरना शिव्या घालणारा पेपर विकत घेतला, तरी पैसे दफेरनाच! १९५३ मध्ये ते पुन्हा महापौर झाले, ते मरेपर्यंत.

दिल्लीसारखंच पॅरिसही सहजासहजी कुणाला पावत नाही. १९५६ मध्ये मंत्री असताना दफेर यांनी आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींना सार्वत्रिक मताधिकार देणारा कायदा आणला. काम मोठं होतं. पण १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा मतं पडली जेमतेम पाच टक्के. कम्युनिस्ट उमेदवाराला एकवीस टक्क्यांहून जास्त मिळाली.

१९८१ मध्ये फ्रांस्वा मित्तराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि दफेर गृहमंत्री झाले. तोवर पॅरिसने नेमलेला प्रिफेक्ट हा अधिकारी नगरपालिकांच्या डोक्यावर बसलेला असे. ठराव करायचा गावाने आणि मोडीत काढायचा त्याने. जिल्ह्याचा कारभारही त्याच्याच हाती. हा जाच महापौर म्हणून दफेर यांनी वर्षानुवर्षं सोसला होता. २ मार्च १९८२ च्या कायद्याने तो संपला. ठराव बेकायदा वाटला, तर प्रिफेक्टने आता न्यायालयात जायचं. जिल्ह्याची सूत्रं निवडून आलेल्या परिषदेच्या अध्यक्षाकडे गेली.

पण हेच गृहस्थ स्वतःच्या शहरापुरते वेगळं गणित मांडायलाही चुकले नाहीत. त्याच वर्षअखेर पॅरिस, लियाँ आणि मार्सेयसाठी विभागवार निवडणुकीचा कायदा झाला. मार्सेयमध्ये विभागांच्या सीमा अशा आखल्या, की १९८३ मध्ये विरोधक झाँ-क्लोद गोदँ यांच्या बाजूला एकूण मतं जास्त पडली, आणि नगरसेवक जास्त निवडून आले दफेर यांचे. महापौर तेच, गृहमंत्रीही तेच. तक्रार करायची कुणाकडे?

त्यांना हरवलं ते शेवटी घरच्यांनीच. मे १९८६ मध्ये त्यांच्याच समाजवादी पक्षाच्या स्थानिक बैठकीत पक्षातलेच प्रतिस्पर्धी मिशेल पेझे यांच्या गटाने त्यांना अल्पमतात टाकलं. त्याच रात्री दफेर घरी कोसळले, आणि ७ मे रोजी गेले. महापौरपद मात्र पेझेंना मिळालं नाही. ते गेलं रॉबेर व्हिगुरू यांच्याकडे.