आमटीतला गूळ आणि भाड्याचं घर

(बडोद्यातल्या मराठी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'आपले पूर्वग्रह आणि भाड्याचं घर'. तिकडे येतोच. पण आधी आमटी.

धाकट्या बहिणीचं लग्न पुण्यात ठरत होतं. बोलणी करायला दांडिया बाजारातून आम्ही निघालो. थोरले काका, आई आणि मी. पानं वाढली. विहीणबाईंनी आमच्या वाट्यांत आमटी वाढली आणि मग त्यांच्या माणसांसाठी आतून दुसरं पातेलं आणलं. मी आपलं सहज विचारलं. म्हणाल्या, "तुमच्या बडोद्याकडे सगळं गोडच लागतं ना? म्हणून तुमची वेगळी केली, गूळ जास्त घालून."

भुरका मारला. आमटी कसली, पाकच तो! काका मधुमेही. पण व्याह्यांच्या घरी वाटीत टाकायचं कसं, म्हणून माणसाने निमूट संपवली. वर विहीणबाईंनी आग्रहाने आणखी वाढली. आणि ज्या घरात रोज चिंचगुळाशिवाय आमटी होत नाही, ते घर आम्हाला गोडखाऊ ठरवतंय! त्या बाईंना एकदा आपल्या सेवउसळीच्या गाडीवर उभं करायचंय मला. वरून तर्री मागून घेणारे इथे किती आहेत? हात वर करा. बघा!

मुंबईची मामेबहीण माझ्या मराठीला 'गोड' म्हणते. मी तावातावाने भांडत असलो तरी गोडच. इकडे शेजारचे गुजराती काका माझ्या मुलाने दुकान काढलं तेव्हा म्हणाले, "मराठी एटले नोकरी." दुकान चाललंय, तरी त्यांना ते अजून पटलेलं नाही. म्हणजे तिकडे आम्ही गुजराती, इकडे मराठी. दोन्हीकडून मार.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आता मूळ विषय धावतपळतच.

सप्टेंबर १९१७. डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला आले. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस. याच संस्थानाने १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलेलं. आणि या गावात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशी धर्मशाळेत राहिले. बिंग फुटल्यावर माणसं लाठ्या घेऊन आली. कचेरीत शिपाई लांबूनच कागद टाकायचे. एका हिंदू मित्राला विचारलं. तो हळहळला, संतापलाही, पण म्हणाला, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. शेवटी कमाटीबागेत वेळ काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली.

लाठीवाले आपल्याला लगेच ओळखू येतात. मला त्या हळहळणाऱ्या मित्राबद्दल बोलायचं होतं. स्वतःच्या मनात काही नाही, अडचण काय ती नोकरांची! पूर्वग्रह असा कायम दुसऱ्याच्या नावावर खपतो.

मागे आमच्या इमारतीत एक नर्स मुलगी खोली बघायला आली. नळ सोडून पाण्याचा जोर पाहिला, खिडकीला जाळी आहे का तेही पाहिलं. खोली पसंत पडली, पर्समधून आगाऊ भाडं काढलं. मग मालकांनी नाव विचारलं. ते ऐकून म्हणाले, "मला काही नाही हो, पण बिल्डिंगमधल्यांना चालणार नाही." मालक मराठी, आपल्यातलेच. तिने नोटा परत पर्समध्ये ठेवल्या, चपला घातल्या आणि गेली. त्या बिल्डिंगमध्ये मी राहतो. मला कोणी विचारलं नव्हतं. तुमच्या बिल्डिंगमध्ये तुम्हाला कोणी विचारलंय?

समोर बसलेल्यांत सोसायट्यांचे सेक्रेटरी बरेच दिसतायत. काही सोसायट्यांच्या भाडेकरूंच्या फॉर्मवर जात-धर्माचा रकाना आहे, मी पाहिलाय. तो काढून टाकायचा ठराव टाइप करून आणलाय, चहाच्या टेबलावर गठ्ठा ठेवलाय. सोसायटीचं नाव तेवढं भरायचं, बाकी मजकूर तयार आहे. प्रश्नोत्तरांना वेळ नाही म्हणतायत, तेव्हा बाहेर बोलू.