टॉमची मालकीण

रामराम मंडळी. आज कार्टून नेटवर्कबद्दल बोलू, कारण घरोघरचे पोट्टे आता ते चॅनेल लावतच नाहीत, अन् लावलं तरी पाच मिनिटांत मोबाईल हातात. लोक म्हणतात पोट्टे बिघडले. मी म्हणतो पोट्टे नाही, चॅनेल बिघडलं. पुन्हा सांगतो, चॅनेल बिघडलं.

हे चॅनेल अमेरिकेत १९९२ ला सुरू झालं, आपल्याकडं आलं १९९५ ला. टेड टर्नर नावाच्या मालकानं जुन्या कार्टूनचा अख्खा साठाच विकत घेऊन ठेवला होता, म्हणून पहिल्यापासून माल चांगला. तेव्हा दिवसा कार्टून अन् रात्री त्याच जागी टीएनटी नावाच्या दुसऱ्या चॅनेलचे जुने इंग्रजी पिक्चर, एवढं ध्यानात ठेवा, पुढची गंमत त्यातच आहे.

आमच्या गावात केबल नवीन आली होती. आबाजी वावरातून आले की पाय धुऊन, खर्रा घोटत थेट टीव्हीसमोर, बातम्या नको, भजन नको, फक्त टॉम अँड जेरी. इंग्रजी त्यांना यायची नाही, पण मांजर-उंदराला भाषा लागते कुठं. त्यात घरातल्या बाईचं तोंड दाखवत नाहीत, नुसते पाय अन् झाडू, आठवतं ना? आबाजींना त्याचा भारी राग. "थे बाई कोण आहे, एकदा दाखवा ना म्हणा!"

एका संध्याकाळी जेरीनं टॉमच्या शेपटीला काहीतरी बांधलं, आता धमाका होणार, आबाजी खाटेच्या काठावर आले, अन् लाइन गेली. (लाइनीचं तर बोलूच नका, ओलितासाठी अर्ध्या रात्री लाइन सोडतात, साप-विंचवात माणूस मोटर लावायला जातो, हे काय धोरण झालं? असो.) जेवणं उरकल्यावर लाइन आली, टीव्ही आपोआप सुरू झाला, तर पडद्यावर कोटवाला गोरा अन् झगेवाली बाई, सोफ्यावर बसून बोलत आहेत. टीएनटी लागलं होतं, पण आबाजींना काय माहीत. ते खूश! "पाहा बे, आज तोंड दिसलं बाईचं! मांजर सोफ्याखाली असंन, थांबा."

थांबले सगळे. गोऱ्यानं बाईचा हात धरला, आई उठून चुलीकडं गेली, काका छताकडं पाहायला लागले, आबाजींची नजर मात्र सोफ्याखालीच. मग ते दोघं अगदीच जवळ आले तसे काका धावत गेले अन् बटन बंद! आबाजी ओरडले, "कायले बंद करतं बे, मांजर निघाचंच आहे अजून!" दुसऱ्या दिवशी त्यांनी पारावर सगळ्यांना सांगितलं, टॉमच्या मालकिणीचं लग्न जमलं म्हणून.

तर सांगायचं काय, वावरातून थकून आलेला म्हातारा अन् शाळेतलं पोट्टं एकाच जागी खिळून बसायचं असा तो माल होता. स्कॉट ब्रॅडली नावाचा संगीतकार टॉमच्या एकेका पावलाला अख्ख्या ऑर्केस्ट्राचं संगीत द्यायचा. पुढं चॅनेलनं स्वतः डेक्स्टर, पॉवरपफ गर्ल्स, करेज नावाचं भित्रं कुत्रं असं बनवलं, एकाचं चित्र दुसऱ्यासारखं नाही. आता? तोच एपिसोड सकाळी, तोच दुपारी, तोच रात्री. तिकडं अमेरिकेतही टीन टायटन्स गो नावाचं एकच कार्टून दिवसदिवस चालवलं. २०२२ ला मालक कंपनी डिस्कव्हरीत मिसळली, डोक्यावर कर्ज, मग लागली खर्चाला कात्री, २०२४ ला तिकडची वेबसाइटही गुंडाळली. पोट्टे मोबाईलवर गेले म्हणून जाहिराती घटल्या, जाहिराती घटल्या म्हणून नवीन बनत नाही, अन् नवीन नाही म्हणून उरलेलेही मोबाईलवर जातात. वरून हिंदीतले कार्टून पाहून घरात मराठी सोडून 'मम्मी, रुको ना' चालू झालं ते वेगळंच.

परवा पुतण्याला विचारलं, मोबाईलवर एवढं काय पाहतं रे? म्हणे, काका, एक जण गेम खेळतो ते पाहतो. म्हटलं, मग तू कधी खेळतं? तर म्हणे, मला नाही येत.