सातबारा नसलेल्यांचं घराणं

(अमळनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि समोर बसलेल्या माझ्या माय-बहिणींनो, भावांनो,

आपल्यापैकी बहुतेक घरांनी जुनं सरकारी दप्तर आयुष्यात एकदाच शोधलेलं असतं. पोराची किंवा पोरीची जात पडताळणी निघते तेव्हा. मग तारखा तोंडपाठ होतात. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधीचा एक कागद मिळाला, त्याची खरी नक्कल जोडली, की फाईल बंद होते. ज्या बांधलेल्या वहीतून तो कागद निघाला, त्याच वहीत आपल्या घरातली आणखी कितीतरी माणसं असतात. ती वाचायला कोणी थांबत नाही. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी तहसिलीतली कपाटं उघडली गेली, मोडी वाचणारी माणसं शोधून आणावी लागली, पानं स्कॅन झाली. हे फार मोठं काम झालं. पण तेव्हाही प्रत्येकाची नजर एकाच, जातीच्या रकान्यावर होती. माझं म्हणणं एवढंच आहे की दाखला मिळाला की शोध थांबवू नका, तिथून तो सुरू करा.

हे मी गिरणी कामगाराच्या घरातला मुलगा म्हणून बोलतोय. अमळनेर, जळगाव, धुळे, चाळीसगावच्या गिरण्या, भुसावळची रेल्वे, ठिकठिकाणचे जिन-प्रेस म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणारे कारखाने, यांच्यावर खानदेशातली हजारो घरं उभी राहिली. या घरांत आजोबांचा इतिहास एका वाक्यात संपतो: "ते गिरणीत होते." आणि त्याआधी? त्याआधी काहीच नाही, जणू आजोबा गिरणीच्या दारातच जन्मले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं गोळा करत होते. १९२६ साली त्यांचं धुळ्यात निधन झालं आणि त्यांच्या नावानं तिथं संशोधन मंडळ उभं राहिलं, ते आजही आहे. पण त्यांनी सोडवले तसे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आपल्या घरात कधी नव्हतेच. देशमुख-देशपांड्यांनी आपले कागद आपण लिहून ठेवले. आपल्याबद्दल मात्र दुसऱ्यांनी लिहिलं, तेही स्वतःच्या कामासाठी: सारा वसूल करायला, रोगाची साथ मोजायला, पगार वाटायला. म्हणून कुठलीही वही उघडली की पहिल्यांदा विचारायचं, ही कोणी आणि कशासाठी ठेवली? ते कळलं की तिच्यात काय असेल आणि काय मुळीच नसेल, हेही कळतं.

सगळ्यात आधी कोतवाल बुक. कागदोपत्री हा गाव नमुना क्रमांक १४. गावातले जन्म आणि मृत्यू यात नोंदले जात आणि या वह्या तहसिलीच्या अभिलेख कक्षात जमा होत. जमीन असो नसो, माणूस जन्मला आणि मेला तर त्याचं नाव इथं यायचं. म्हणून सातबारा नसलेल्या घराला यापेक्षा मोठा आधार नाही. १९५० पूर्वीची बरीच पानं मोडीत आहेत. मोडीचा बाऊ करू नका. साधा पत्रव्यवहार मोडीत वाचणं अवघड असतं हे खरं, पण कोतवाल बुकात तेच ते पन्नास-साठ शब्द फिरून फिरून येतात: महिने, जाती, मुलगा-मुलगी, वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, भ्रतार म्हणजे नवऱ्याचं नाव, आणि मरणाचं कारण, ताप, पटकी, देवी, जुलाब. चिकाटीच्या माणसाला हे दोन-तीन महिन्यांत येतं. आडनाव मात्र शोधत बसू नका. पुष्कळ घरांना आडनाव शाळेच्या मास्तरांनी दिलं किंवा गिरणीच्या कारकुनानं. त्यामुळे एक भाऊ पाटील, दुसरा गावाच्या नावावरून वेगळाच, असं होतं. शोध घ्यायचा तो बापलेकांच्या नावांच्या जोडीनं, आणि शक्य तर आजाचं नाव धरून.

आता आपल्याकडची नावं पाहा. सुपडू, उखर्डू, दगडू, भिका, धुडकू. आज पोरं ही नावं ऐकून हसतात. कृपा करून हसू नका. आधीची लेकरं हाताला लागली नाहीत, म्हणून हे लेकरू सुपात घातलं, उकिरड्यावर लोळवलं, भिकेत मागून घेतलं, देवाची नजर चुकवली. म्हणजे तुमच्या पणजोबाचं नाव सुपडू असेल तर त्याच्या जन्माच्या नोंदीपाशी थांबू नका. चार-सहा वर्षं मागं जा आणि मृत्यूचा रकाना वाचा. त्याच बापाच्या नावापुढं 'मुलगा, वय दीड वर्ष', 'मुलगी, वय आठ दिवस' अशा नोंदी तुम्हाला सापडतील. काहींना नावही ठेवलेलं नसतं. ही तुमच्या रक्ताची माणसं आहेत. त्यांची नोंद जगात या एकाच ठिकाणी आहे, आणि तुम्ही वाचली नाही तर ती कोणीच वाचणार नाही.

बऱ्याच जणांना थोरल्या मुलाचा जन्मच सापडत नाही. धाकटी भावंडं सापडतात, थोरला नाही. मग लोक म्हणतात, नोंद झालीच नसेल. अहो, पहिलं बाळंतपण कुठं होतं आपल्याकडं? माहेरी. ती नोंद आईच्या गावच्या वहीत आहे. ते गाव कागदावरून कळणार नाही, ते घरातल्या म्हाताऱ्या बाईलाच विचारावं लागतं. आणि ते गाव कळलं की आईच्या माहेरची सगळी साखळी उघडते. हे मी जोर देऊन सांगतोय, कारण आपल्या वंशावळीत बायका नसतात. जातपडताळणीची वंशावळ बापाकडून आजाकडं सरळ चढत जाते. आजीचं माहेर कोणतं, तिचा बाप काय करायचा, हे तो अर्ज विचारतच नाही. जिनमध्ये कापूस निवडायला गेलेल्या बायका रोजंदारीच्या, त्यांचा कागद क्वचितच कुठं उरला. तेव्हा म्हातारी बोलती आहे तोवर तिच्या आईचं, मावशांचं, त्यांच्या गावांचं विचारून घ्या.

१९१८ सालचा ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की पान सावकाश उलटा. इन्फ्ल्युएंझाची दुसरी लाट तेव्हा सगळ्या मुंबई इलाख्यावरून गेली. कारणाच्या रकान्यात एकाखाली एक 'ताप', 'ताप', 'ताप' असं दिसतं. आजोबा आजोळी का वाढले, पणजोबांनी दुसरं लग्न का केलं, लहान भाऊ काकाकडं का राहिला, अशा घराघरांतल्या कोड्यांचं उत्तर पुष्कळदा या दोन महिन्यांत असतं.

तसाच छप्पन्नाचा दुष्काळ. म्हातारी माणसं 'छप्पन्नाचं साल' म्हणत ते विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. जुन्या जमीन कागदांवर फसली म्हणजे महसुली सन असेल तर त्यात ५९० मिळवा, शके असेल तर ७८.

आणि जमीन. "आमच्याकडं जमीन नव्हतीच" हे वाक्य मी खूप ऐकतो आणि दर वेळी सांगतो, आधी तपासून पाहा. १८६० च्या दशकात खानदेशात आगगाडी आली, त्याच वेळी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि युद्ध संपताच तो कोसळला. चढ्या भावात काढलेलं कर्ज मागं राहिलं, सावकार आले, पुढं दुष्काळ आले. १८७० च्या दशकात जळगावात सूतगिरणी निघाली, तेव्हा तिच्याकडं वळलेली सगळी माणसं मुळातली भूमिहीन नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हक्कनोंदणी आली, तिचे फेरफार म्हणजे गाव नमुना ६. दुय्यम निबंधकाकडं गहाणखतं, खरेदीखतं. एखाद्या फेरफारात तुमच्या पणजोबाचं नाव शेवटचं येतं, पुढच्या नोंदीत ते कंसात जातं, म्हणजे कमी होतं, आणि त्याच सुमाराला घर गाव सोडतं. जमीन कोणाकडं गेली हे भांडायला नाही, समजून घ्यायला पाहा. एक अडचण येते: १९४७ च्या कायद्यानंतर जमिनींचं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबरांचे गट झाले. आजचा गट नंबर घेऊन जुन्या वहीत गेलात तर हाती काही लागणार नाही. दोन्हींचा मेळ घालणारं पत्रक आधी मागून घ्या.

सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या घरांचं दुःख वेगळं आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं, तोंडी. त्याचा कागद असलाच तर मालकाच्या रोजमेळात, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वहीत. अशा घरांना कोतवाल बुक आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, हे दोनच दरवाजे. शाळेच्या रजिस्टरात १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती गुरुजींनी प्रवेशासाठी धरलेली आहे असं समजा. जात, गाव, बापाचा धंदा आणि शाळा सोडण्याचं कारण हे मात्र नीट वाचा. 'कामास लागला' एवढे दोन शब्द असतात, आणि कोणत्या वयाला लागला ते तिथंच कळतं.

गिरणीत वय निराळं पडायचं. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानं सात वर्षांखालचं मूल कामाला ठेवता येईना, १८९१ ला ती मर्यादा नऊ झाली, १९२२ ला बारा. मर्यादा वाढली तशी सांगितलेली वयंही वाढली. म्हणून गिरणीचं वय आणि शाळेचं वय जुळत नाही, यात तुमचं घर खोटं ठरत नाही. हजेरीपत्रकं, बदली पास, पगाराची चिठ्ठी, १९५२ नंतरचा भविष्यनिर्वाह निधीचा वारसनोंद अर्ज, असं जे घरात असेल ते आधी ट्रंकेतून काढा. गिरण्या बंद झाल्या, कागद पांगले, त्यामुळे घरात उरलेली चिठ्ठीच आता मूळ पुरावा आहे. कामावर मृत्यू झाला असेल तर १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याची फाईल शोधा. ती रक्कम आयुक्ताकडं जमा होऊन अवलंबितांना वाटली जायची, म्हणून तिथं विधवेचं, आईचं, लेकरांचं नाव येतं. भुसावळकडची मंडळी यात सुदैवी आहेत. रेल्वेच्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर बापाचं नाव, गाव, ओळखीची खूण, डाव्या अंगठ्याचा ठसा. पासासाठी कुटुंबातल्या माणसांची यादी वेगळी.

गाव शोधताना जिल्हा-तालुका आजचा धरू नका. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, मग पूर्व आणि पश्चिम झाला, नंदुरबार तर १९९८ चं. जुन्या कागदांत सावदा तालुका भेटेल, विरदेल तालुका भेटेल. मुक्ताईनगर हवं असेल तर एदलाबाद शोधा, धरणगावचं दप्तर एरंडोलला विचारा. आणि अभिलेख कक्षात गेलात तर तिथल्या माणसाशी घाईनं बोलू नका. धुळीत आयुष्य काढलेली ती माणसं आहेत. कोणत्या गावची वही वाळवीनं खाल्ली आणि कोणती शिल्लक आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं. पान हाताळताना बोट ओलं करू नका. नक्कल घेताना वहीचं नाव, गाव, वर्ष आणि पान क्रमांक त्याच कागदावर लिहा, नुसता फोटो पाच वर्षांनी कोणालाच उलगडत नाही.

आज ज्यांनी घरचे मोडी कागद आणलेत त्यांनी थांबावं. वाचनालयातली तीन-चार मुलं मोडी शिकलीत, ती वाचून देतील. कागद इथं ठेवून घेतला जाणार नाही, फक्त त्याची प्रत काढू. बायकांच्या माहेरच्या गावांसाठी दाराशी एक वेगळी वही ठेवली आहे. घरातल्या म्हाताऱ्या आजीबाईंना आज येता आलं नसेल तर ती वही घेऊन आम्हीच तुमच्या घरी येऊ, फक्त गल्ली आणि घर सांगून जा.